फेरीबोटीने गावाला: आगरदांडा ते जयगड, चार खाड्या

शिमग्याला गावी जायचं तर पनवेलहून आमचा वर्षानुवर्षं एकच रस्ता, गोवा हायवे. रात्री तीनला निघा, वडखळला अडका, माणगावला अडका, आणि घरी पोचेपर्यंत अंग इतकं आंबतं की पालखीला उभं राहवत नाही. यंदा लेकीला पाच दिवस सुट्टी मिळाली, जावई म्हणाले गाडी मी चालवतो बाबा, तेव्हा मी म्हटलं मग घाई नकोच, समुद्राच्या कडेकडेने जाऊ. मुरूड, दिघी, श्रीवर्धन, वेळास, दाभोळ, गुहागर, जयगड आणि मग आमचं मालगुंड. या रस्त्यावर चार खाड्या आडव्या येतात आणि चारही ठिकाणी गाडीसकट फेरीबोट आहे. हा रिव्ह्यू त्या चार फेरीबोटींचा. राहण्याजेवण्याचं येईल मध्ये मध्ये, पण मुख्य बोटींचंच.

आधी सांगून टाकतो की मी कुठल्या नजरेने बघतोय. २७ वर्षं शिपवर काढली, आधी खलाशी म्हणून आणि शेवटची अकरा वर्षं बोसन. बोसन म्हणजे डेकवरच्या सगळ्या दोरखंडांचा, नांगराचा, रंगरंगोटीचा माणूस. त्यामुळे बोट दिसली की माझं लक्ष आधी दोर कसे बांधलेत तिकडे जातं, रॅम्प गंजलाय का ते बघतो, लाइफजॅकेट कुठे ठेवलीत ते बघतो, आणि मग डोंगर-बिंगर. आणि दुसरं म्हणजे जगातल्या ज्या जागांचे फोटो लोक फ्रेम करून लावतात त्यातल्या बऱ्याच मी डेकवरून बघितल्यात, ड्युटीवर असताना, पण बघितल्यात. तेव्हा कोकणातला आहे म्हणून कोकणचं कौतुक करतोय असं समजू नका, तुलना करायला माझ्याकडे माल आहे.

पहिली खाडी आगरदांडा ते दिघी. अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड करत सकाळी अकराच्या सुमारास जेट्टीवर पोचलो. (मुंबईच्या लोकांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीने, गाडी आणली तर पाचवी बोट होते, ती २०२० पासून सुरू आहे.) पोचलो तेव्हा ओहोटी लागलेली. हे मला आधीच माहीत होतं कारण त्या दिवशी षष्ठी होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे भरतीचा हिशोब तिथीवरून करतात, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. षष्ठी म्हणजे सहाची पाऊणपट साडेचार, मग पहाटे साडेचारला आणि संध्याकाळी पावणेपाच-पाचला भरती, आणि मधोमध म्हणजे सकाळी साडेदहा-अकराला ओहोटी. मुंबईच्या बाजूला हा हिशोब छान लागतो, खाली रत्नागिरीकडे पाणी थोडं आधी भरतं. याचा उपयोग काय तर ओहोटीला जेट्टीचा उतार जास्त उघडा पडतो, खालचा भाग शेवाळलेला असतो, गाडी जड असेल आणि चालवणारा नवखा असेल तर चाक घसरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर फरक फार पडतो, अष्टमीच्या आसपास भांग असतो तेव्हा पाणी फारसं वरखाली होत नाही. आम्ही भांगाच्या दिवसांत गेलो आणि मी म्हणेन की गाडी घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्याने तसंच जावं.

बोटीवर चढलो आणि आमची ही खाली उतरून कठड्याशी जाऊन उभी राहिली. मी इतकी वर्षं जहाजावर, पण ती कधी माझ्याबरोबर पाण्यावर आली नव्हती, एकदा मांडव्याला लाँचने गेलो होतो तेवढंच, तेव्हा तिला बोट लागली होती. यावेळी तिने सकाळपासून आलं चघळायला घेतलेलं. खाडीत लाट नसतेच जवळजवळ, तिला काही झालं नाही. दूर पश्चिमेला जंजिरा दिसत होता, पाण्यावर टेकवून ठेवल्यासारखा, आणि दिघीच्या बाजूला बंदराच्या क्रेन. ती म्हणाली, "अहो, हा इतका बुटका का दिसतो इथून?" प्रश्न साधा होता पण मला आवडला, कारण त्याचं उत्तर म्हणजेच फेरीबोटीची खरी गंमत आहे.

डोळा पाण्यापासून तीन मीटर उंचीवर असेल तर क्षितिज साधारण सहा किलोमीटरवर असतं. जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या वरच्या खोलीत, तीस मीटर उंचीवर उभे राहिलात तर तेच वीस किलोमीटरपर्यंत जातं. म्हणजे उंचावरून दिसतं खूप, पण सगळं पसरून चपटं होतं. फेरीबोटीच्या डेकवर तुम्ही पाण्याला जवळजवळ चिकटलेले असता, म्हणून लांबचं बुटकं होतं आणि जवळचा काठ अंगावर येतो, कांदळवनाची मुळं, बांधावरचा बगळा, होडीत जाळं सोडवत बसलेला माणूस, सगळं तुमच्या उंचीचं. मी टेबल माउंटन बघितलाय केप टाऊनला, हजार मीटरच्या वर उंच आणि वरून सपाट, आम्ही बाहेर नांगर टाकून चार दिवस होतो, पण तो कायम चित्रासारखाच राहिला, त्याच्याशी माझं काही नातं जडलं नाही. इथे दहा-पंधरा मिनिटांत समोरच्या काठावरच्या माणसाचा चेहरा ओळखू येतो.

दिघीनंतरचा रस्ता पटकन सांगतो कारण त्यावर सगळेच लिहितात. दिवेआगर ते श्रीवर्धन हा आरावीवरून जाणारा समुद्राकाठचा रस्ता, खिडक्या उघड्या ठेवून जा, एवढंच. एक गोष्ट मात्र बघून वाईट वाटलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ इथेच किनाऱ्याला लागलं, त्यात या पट्ट्यातल्या माडा-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि अजूनही कितीतरी आगरांत मध्येच आभाळ दिसतं जिथे पूर्वी दुपारी काळोख असायचा. श्रीवर्धनची रोठा सुपारी म्हणजे नाव होतं. पोफळ लावली की लगेच सुपारी देत नाही, वर्षं जातात, आणि तिला सावली लागते, ती सावली देणारे माडच पडले तर पुन्हा सुरुवात कुठून करायची? तिथल्या एका वाडीवाल्या काकांनी नवी रोपं दाखवली, कमरेएवढी होती. इथे राहणार असाल तर घरगुती ठिकाणीच राहा, तो पैसा त्या वाडीत जातो.

दुसरी खाडी बागमांडला ते वेशवी, सावित्रीची. माझ्या मते चारांत देखणी हीच. महाबळेश्वरला उगम पावून सावित्री इथे समुद्राला मिळते, मुखाच्या दक्षिण बाजूला बाणकोटचा किल्ला, उत्तरेला हरिहरेश्वरचा डोंगर, आणि आत नजर जाईल तितकी वळणं घेत गेलेली खाडी, एकामागे एक डोंगर फिके होत गेलेले. जावई म्हणाले, बाबा हे तर नॉर्वेसारखं दिसतंय, आमच्या ऑफिसातले जाऊन आले त्यांच्या फोटोत असंच होतं. मी नार्विकला तीनदा गेलोय, स्वीडनच्या किरुनातलं लोहखनिज रेल्वेने तिथे येतं आणि जहाजात भरतात, उत्तर ध्रुववृत्ताच्या पुष्कळ वर आहे पण समुद्रात गरम प्रवाह येतो म्हणून बंदर गोठत नाही. तेव्हा त्या फियॉर्डमधून आत जाताना जे बघितलं ते आणि हे, दिसायला चुलतभाऊ वाटतील पण जन्म वेगळा.

तिकडच्या खाड्या बर्फाने कोरल्यात. हिमनद्या हजारो वर्षं खरवडत गेल्या, म्हणून कडे सरळ उभे आणि पाणी भयंकर खोल. सोग्नेफियॉर्ड दोनशे किलोमीटर आत जातो आणि खोली १३०० मीटर. म्हणून तिथे मोठी जहाजं थेट डोंगराच्या पायथ्याशी जातात. आपल्याकडे बर्फ नव्हता. आपल्या खाड्या म्हणजे नद्यांची खोरी, हिमयुग संपल्यावर जगभर समुद्र साधारण १२० मीटर वर चढला तेव्हा त्या खोऱ्यांत पाणी शिरलं आणि खालचा भाग बुडाला. त्यामुळे उतार मऊ, तळाशी गाळ, कडेला तिवर-चिप्पीचं कांदळवन, आणि मुखाशी वाळूचा दांडा. जुन्या काळी मुंबईहून कोकणात येणाऱ्या बोटी म्हणून तर बाहेरच उभ्या राहायच्या आणि पडावातून उतारू काठाला आणायचे. माझे आजोबा असेच उतरायचे, ट्रंक डोक्यावर आणि धोतर गुडघ्यावर. नॉर्वेत मला भव्य वाटलं, छाती दडपली, पण काठावर जगणं फार दिसलं नाही, क्वचित एखादं लाल घर. सावित्रीच्या काठावर त्या दहा-पंधरा मिनिटांत बायका मुळे म्हणजे शिंपले काढताना दिसल्या, शाळेची पोरं बोटीवर आमच्याबरोबर होती, आणि एका आजोबांच्या टोपलीत दोन गावठी कोंबड्या. कुठलं श्रेष्ठ ते मी ठरवणार नाही, पण मला दोन्हींतलं पुन्हा एक बघायला मिळणार असेल तर मी वेशवीला येईन.

वेशवीहून बाणकोट आणि वेळास. वेळास नाना फडणवीसांचं गाव, पण आता लोक येतात ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावाला बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली आणि पुढे त्याचा कासव महोत्सव झाला. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात, पिल्लं बाहेर आली असतील तर सोडतात, नसतील तर नाही. आम्हाला संध्याकाळी नऊ पिल्लं दिसली. एवढीशी, तळहातावर मावतील, आणि वाळूवर सोडल्याबरोबर पाण्याकडे निघाली. लाट आली की उलटी व्हायची, पुन्हा सरळ व्हायची. मी अख्खं आयुष्य समुद्रावर काढलं, कासवं कितीदा बघितली जहाजावरून, हिंदी महासागरात पाठीवर पक्षी बसलेलं कासवसुद्धा बघितलंय, पण समुद्रात पहिल्यांदा पाऊल टाकणारं कासव कधी बघितलं नव्हतं. हिने माझा हात धरला होता. दोरीच्या मागे उभं राहायला सांगतात, राहा. मोबाइलचा फ्लॅश मारू नका म्हणून स्वयंसेवक सांगत होते तरी दोघंतिघं मारत होते, हे बघून फार राग आला.

रात्री केळशीत राहिलो, भारजेच्या खाडीला वळसा घालून. जांभ्याच्या चिऱ्याचं जुनं घर, ओटी, पडवी, मागीलदारी विहीर आणि रहाट. जेवण शाकाहारी: कुळथाची पिठी, केळफुलाची भाजी, डाळिंब्यांची उसळ, ताक, आणि सकाळी घावणे नारळाच्या रसाबरोबर. कुळथाच्या पिठीसाठी मी चारवेळा भात घेतला आणि वहिनींनी प्रत्येक वेळी न विचारता तूप घातलं. खोल्या स्वच्छ. फोन करूनच जा, दोन तास आधी सांगितल्याशिवाय जेवण मिळत नाही आणि ते बरोबरच आहे. पुढे एका दुसऱ्या ठिकाणी, कुठे ते लिहीत नाही, आम्ही "सी व्ह्यू" म्हणून जास्त पैसे भरले आणि खिडकीतून पाण्याची टाकी दिसली. बुक करताना खिडकीतून काढलेला फोटो मागवा, खोलीचा नको.

आंजर्ले, मग हर्णै. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, तो चुकवू नका, पापलेट-सुरमई-कोळंबीचे ढीग आणि मध्ये उभ्या राहून बोली लावणाऱ्या बायका, त्यांच्या आवाजात जी धार आहे ती मी हाँगकाँगच्या बाजारातही ऐकली नाही. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या १२ मराठा किल्ल्यांतला एक. लिलाव बघायला जाताना पांढरे बूट घालू नका आणि मध्ये मध्ये उभं राहून त्यांचं काम अडवू नका.

तिसरी खाडी दाभोळ ते धोपावे, वाशिष्ठीची. इथे आम्ही सकाळी साडेसातला पोचलो, पाणी नुकतंच भरून थांबलेलं, धुकं, आणि काठावरच्या जुन्या मशिदीचा घुमट त्या धुक्यातून वर आलेला. बंदर म्हणून दाभोळ किती जुनं आहे याची कल्पना आज जेट्टीवर चहा पिताना येत नाही. अरबस्तानातले घोडे इथे उतरायचे, इथून माल होर्मुझला जायचा, पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी भारत फिरून परत जाताना दाभोळलाच जहाजात बसला. मी होर्मुझच्या सामुद्रधुनीतून कितीदा गेलोय त्याची मोजदाद नाही, आणि प्रत्येक वेळी टेन्शनमध्ये, रात्री डेकवर पहारा. तोच रस्ता लाकडी गलबतातून करणारी माणसं इथल्या काठावरून निघत होती, हे त्या सकाळी मनात आलं आणि पुढचा अर्धा तास मी कोणाशी बोललो नाही.

दाभोळची सेवा मला सगळ्यात शिस्तीची वाटली. गाड्या लावणारा पोरगा वीस-बावीसचा असेल, हाताने खुणा करत एकेक इंच गाडी बसवत होता, जड गाड्या मध्ये, हलक्या कडेला, दोन्ही बाजूंना भार सारखा. हे ज्याला कळतं त्याला बोट कळते. मी त्याला म्हटलं छान लावतोस रे, तर म्हणाला, "काका, तुम्ही शिपवर होता ना? दोराकडे बघत होता म्हणून विचारलं." गप्पा झाल्या, त्याचा मामाही शिपवर आहे. मध्यावर आलो तेव्हा दोन डॉल्फिन दिसले मुखाच्या बाजूला, पाठी फक्त, दोनदा. पलीकडे अंजनवेलचा गोपाळगड आणि वीजप्रकल्प.

आता तक्रार. या चारांपैकी एका फेरीबोटीवर, कुठली ते सांगत नाही, लाइफजॅकेटं होती पण जाळीच्या कपाटात आणि कपाटाला कुलूप. किल्ली कोणाकडे विचारलं तर वर केबिनमध्ये. हे चालणार नाही. आपल्याच किनाऱ्यावर १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या दिवशी, रामदास बोट मुंबईहून रेवसला जाताना उलटली आणि सहाशेच्या वर माणसं गेली, अलिबाग-पेणच्या कितीतरी गावांत अजून त्या दिवसाची आठवण काढतात. खाडी शांत असते, अंतर कमी असतं, सगळं मान्य, पण जॅकेट हाताला लागेल असंच पाहिजे. मी तिथल्या माणसाला सांगितलं, त्याने ऐकून घेतलं आणि माझ्यासमोर कुलूप काढलं, परत लावलं की नाही माहीत नाही. प्रवाशांचंही चुकतंच. हँडब्रेक न लावता उतरणारे आहेत, इंजिन चालू ठेवून एसीत बसणारे आहेत. बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, काचा खाली करा आणि उतरून उभे राहा, ही माझी विनंती आहे. काही ठिकाणी गाडी रिव्हर्सने चढवावी लागते, घाबरू नका, ते सांगतात तसं करा आणि आरशापेक्षा त्यांच्या हाताकडे बघा.

दुसरी तक्रार बायकांच्या वतीने. दोन जेट्ट्यांवर स्वच्छतागृह वापरण्यासारखं नव्हतं. हिने आणि लेकीने जवळच्या एका घरात विचारलं, त्या घरच्या बाईने दार उघडलं, वर पाणीही दिलं. पण दरवेळी कोणाच्या घरात जायचं? आणि चहाचे प्लास्टिकचे कप सरळ खाडीत टाकणारे पर्यटक मी डोळ्यांनी बघितले, एकाला बोललो, त्याला वाईट वाटलं असेल तर वाटो.

गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करत पाचव्या दिवशी संध्याकाळी पाचला तवसाळला. चौथी खाडी, तवसाळ ते जयगड, शास्त्री नदी. ही माझी खाडी. लहानपणी पलीकडे तवसाळला लग्नाला जायचं तर होडीने जायचो, म्हातारी माणसं त्याला "तर" म्हणायची, तरवाल्याला वर्षाचं भात द्यायचे. वारा असला की शिडावर, नसला की वल्ह्याने. पाणी उडून नव्या कपड्यांवर मिठाचे डाग पडायचे आणि आई ओरडायची. आज तिथून बुलेट आणि इनोव्हा जातात. उन्हं कलली होती, भरती चढत होती, जयगडचा किल्ला उजवीकडे, मुखाच्या बाजूला कोळशाचं मोठं जहाज धक्क्याला लागलेलं. मी डोळे बारीक करून बघितलं तर त्याच्या फोरकॅसलवर, म्हणजे अगदी पुढच्या डेकवर, नारिंगी बॉयलरसूटमधला एक माणूस उभा होता, नांगराच्या विंचपाशी. माझी जागा. लेक म्हणाली बाबा हात करा, मी केला. त्याने बघितलं की नाही कळलं नाही.

तिथेच जावयांनी विचारलं की इथे पूल का नाही. तर होणार आहे. रेवस ते रेडी सागरी महामार्गात या खाड्यांवर पूल धरलेत, काही ठिकाणी कामं सुरूही झालीत. आणि ते झालेच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. रात्री शेवटची बोट गेल्यावर तवसाळच्या बाजूच्या माणसाच्या छातीत दुखलं तर रत्नागिरीला न्यायचं कसं, हे ज्याने भोगलंय तो पुलाला विरोध करणार नाही. आमच्याच नात्यात घडलंय. पावसाळ्यात बंदरात वादळाचा बावटा लागला की बोट बंद, मग कॉलेजची पोरं काय करणार? तेव्हा पूल हवेत.

पण पूल झाला की फेरीबोट बंद करायची असं कुठे लिहिलंय? इस्तंबूलला बॉस्फरसवर तीन पूल आहेत, १९७३ चा, १९८८ चा आणि २०१६ चा, खालून २०१३ पासून रेल्वेचा बोगदाही आहे, आणि तरी फेरीबोटी भरभरून चालतात. आमचं जहाज बॉस्फरसमधून जाताना मी नांगरापाशी स्टँडबाय उभा असायचो आणि त्या फेऱ्या आमच्या पुढून-मागून जायच्या, लोक काचेच्या छोट्या पेल्यातून चहा पीत बसलेले, सीगलना पाव टाकत असलेले. ऑफिसला जाणारी माणसं होती ती. हाँगकाँगची स्टार फेरी १८८८ पासूनची, १९७२ मध्ये खालून मोटारींचा बोगदा झाला, फेरी अजून आहे. नॉर्वेने २०१५ मध्ये सोग्नेफियॉर्डवर बॅटरीवर चालणारी गाड्यांची फेरी आणली, धूर नाही, आवाज नाही. तोच नॉर्वे ई३९ हायवेवरच्या फेऱ्या काढून पूल-बोगदे करायच्या मागे आहे, म्हणजे हा प्रश्न त्यांनाही पडलाय. आपल्याकडे निदान एक-दोन खाड्यांवर तरी लहान फेरी ठेवावी, माणसांची, सायकलींची, सावकाश जाणारी. सावित्रीवर आणि दाभोळला तर नक्कीच. त्या पोराला गाड्या लावायची जी नजर आहे ती टोलनाक्यावर बसवून फुकट जाईल.

ज्यांना हा प्रवास करायचाय त्यांनी पुलांची वाट न बघता येत्या एक-दोन वर्षांत करून घ्या. नोव्हेंबर ते मार्च जा, कासवं हवी असतील तर फेब्रुवारीच्या शेवटापासून. पाच दिवस कमीत कमी, तीन दिवसांत कराल तर नुसते स्टिअरिंग धराल. शनिवार-रविवारी आणि नाताळात जेट्टीवर रांग लागते, आम्ही मधल्या वारी गेलो, कुठेही वीस मिनिटांच्या वर थांबलो नाही. बोटीच्या वेळा आणि दर बदलत राहतात, आदल्या गावात विचारून घ्या, नेटवरचे जुने फोटो बघून भांडू नका. सुटे पैसे ठेवा, खाडीत नेटवर्क जातं आणि यूपीआय फिरत बसतं.

मार्क द्यायचे तर वेशवी पाचपैकी पाच, दाभोळ पाच, दिघी चार. जयगडला मी मार्क देऊ शकत नाही, तिथे माझं मन साफ नाही. जेट्टीवर उतरलो तेव्हा पुतण्या बाइक घेऊन न्यायला आलेला, म्हणाला काका पालखी परवा आपल्या वाडीत आहे, चला लवकर. ही गाडीत न बसता पुन्हा पाण्याकडे बघत उभी होती. म्हणाली, "अहो, परत जाताना पण असंच जाऊया का?" लेकीला सोमवारी ऑफिस आहे, त्यामुळे ती दोघं हायवेने जातील. आम्ही दोघं एसटीने तवसाळ-गुहागर-दाभोळ करत जाणार आहोत.